अंगणवाडी आली कुठून?



मागच्या बैठकीत अंतरवाली सराटीच्या आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "चाळिशी उलटली. आता शिलाई शिकून काय करू? लोक हसतील." आम्ही समजावलं, पण त्यांना काही पटलं नाही. म्हणून आज आपल्या रोजच्या अंगणवाडीचीच गोष्ट सांगतो.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, मग मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. नाव झालं होतं. तरी १९४५ साली, ५३ व्या वर्षी, त्यांनी शहर सोडलं आणि डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली.

त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. बालपणीच विधवा झालेल्या, शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. वय ३५. चालती नोकरी सोडून त्या ताराबाईंच्या हाताखाली पुन्हा शिकणाऱ्या झाल्या. मोठ्या मुलांना शिकवणं वेगळं आणि तीन वर्षांच्या लेकराला रमवणं वेगळं.

सुरुवात सोपी नव्हती. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची आदिवासी मुलं येईनात. तेव्हा या दोघी पाड्यावर गेल्या आणि लोकांच्या अंगणातच वर्ग भरवू लागल्या. तीच अंगणवाडी! पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं.

मैत्रिणींनो, या दोघींनी काम बदललं, पण आधीचं शिक्षण आणि अनुभव वाया गेला नाही, तो नव्या कामात उपयोगी पडला. आपल्यालाही हिशोब कळतो, माणसं कळतात, बाजार कळतो. ही शिदोरी विशीतल्या पोरीकडे नसते.

मात्र घाई नको. आधी शिकून घ्या. हातातली मजुरी लगेच सोडू नका. गावात कोणतं शिवण चालतं ते घरोघर विचारा, मगच मशीनसाठी गटाचं कर्ज घ्या.

त्या ताईंचा अर्ज आम्ही पुढच्या बैठकीत घेऊन जाणार आहोत. सही करायची की नाही, ते त्यांनीच ठरवायचं. पण वय आडवं येतं, हे कारण आम्ही आता लिहून घेणार नाही.