अंड्यावाचून ऑम्लेट

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या योजनेतून दादर-माटुंग्याची नवी वस्ती उभी राहिली आणि गिरगावातला पांढरपेशा वर्ग हळूहळू दादरकडे सरकला. या घरांत पुढे 'टोमॅटो ऑम्लेट' रुळले, तेही अंड्यावाचून. डाळीचे पीठ सरसरीत भिजवावे, त्यात टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून घालावी. तेल सोडलेल्या तव्यावर पसरून झाकण ठेवावे, कडा सुटल्या की उलटावे. कृती धिरड्याचीच, नाव मात्र फ्रेंच, इंग्रजीमार्गे आलेले. परळ-लालबागच्या गिरणगावात, माळकरी घरे वगळता, ऑम्लेट बहुधा अंड्याचेच. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ सोवळ्या-ओवळ्याने घडवले. म्हणून स्वयंपाकातल्या शब्दाचा अर्थ लावताना आधी विचारावे: तवा कोणाच्या घरचा?