भिंतीवर आलेली बिनतारी पेटी

हॉटेलच्या खोलीत टेबलामागे किंवा वसतिगृहात पलंगाच्या उशाशी, पूर्वी जिथे टेलिफोनचा सॉकेट असे, तिथे आता अनेकदा तळहाताएवढी पांढरी, चपटी पेटी दिसते. तिला शिंगांसारख्या अँटेना नसतात आणि वायरही बाहेर लोंबत नाही. खालच्या कडेला तीन-चार पोर्ट आणि एक बारीक दिवा, एवढाच तिचा पसारा. हा भिंतीवरचा वायरलेस ॲक्सेस पॉइंट. तारेतून आलेली माहिती रेडिओलहरींवर चढवायची आणि लहरींवरून आलेली तारेत उतरवायची, हे त्याचे काम. एका नेटवर्कातून दुसऱ्यात वाट काढून देणे हे राउटरचे काम. पण घरगुती डब्यात दोन्ही कामे एकत्र आल्याने बोलण्यात या शब्दांची सरमिसळ झाली आहे. ही पेटी भिंतीपर्यंत पोचायला चाळीस वर्षे लागली, आणि त्यातला बराच काळ भिंत हीच तिची अडचण होती.

ॲक्सेस पॉइंटचा पूर्वज हवाईचा, आणि तिथे अडसर भिंतीचा नव्हता, समुद्राचा होता. हवाई विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर होत्या आणि त्यांना ओआहू बेटावरचा मोठा संगणक वापरायचा होता. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये अलोहानेट सुरू केले. दूरची टर्मिनले मध्यवर्ती केंद्राकडे रेडिओवरून माहिती पाठवत; त्या केंद्रातल्या यंत्राचे नाव होते मेनेहुने. हवाईच्या लोककथांत मेनेहुने म्हणजे रात्रीतून कामे उरकणारी ठेंगणी माणसे. अमेरिकेच्या अर्पानेट या संगणकजाळ्यातल्या यंत्राला ‘इम्प’ म्हणत, म्हणजे खोडकर भुताचे पोर. त्यावरची ही कोटी होती. दोघांनी एकाच वेळी पाठवले तर संदेश एकमेकांवर आदळत. मग दोघांनीही थोडे थांबून, पण वेगवेगळा वेळ थांबून, पुन्हा पाठवायचे. याच कल्पनेवरून 1973 मध्ये झेरॉक्स कंपनीत रॉबर्ट मेटकाफ यांना तारेवरचे इथरनेट सुचले. आजचा ॲक्सेस पॉइंट आधी कानोसा घेतो आणि मग बोलतो, एवढी सुधारणा सोडली तर तत्त्व तेच आहे.

इमारतीच्या आत रेडिओ आणण्यासाठी आधी कायदा बदलावा लागला. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, 1985 मध्ये 900 मेगाहर्ट्झ, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5.8 गिगाहर्ट्झ यांच्या आसपासचे तीन पट्टे परवान्याशिवाय दळणवळणासाठी खुले केले. हे पट्टे म्हणजे रेडिओच्या गावातले उकिरडे होते. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी यंत्रे तिथे आधीच गोंगाट करत होती. चांगली जागा कोणी फुकट देत नाही. त्या गोंगाटातही ऐकू यावे म्हणून संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवण्याची अट घातली गेली.

ही संधी पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत एनसीआर ही गल्ल्याची यंत्रे बनवणारी कंपनी होती. मोठ्या दुकानांत मालाची मांडणी बदलली की गल्ले हलतात, आणि दर वेळी जमिनीखालून नवी केबल ओढणे महागात पडते. कंपनीच्या नेदरलँड्समधल्या गटाने वेव्हलॅन ही बिनतारी यंत्रणा तयार केली. त्याच गटातले व्हिक हेज 1990 मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 802.11 समितीचे अध्यक्ष झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. सात वर्षांच्या वाटाघाटींनंतर 1997 मध्ये पहिले मानक मंजूर झाले. वेग होता सेकंदाला 1 किंवा 2 मेगाबिट. ॲक्सेस पॉइंट ही संज्ञा या मानकाने पक्की केली. त्याने हवेतली भाषा काटेकोर ठरवली, पण ॲक्सेस पॉइंट मागच्या बाजूने एकमेकांना कसे जोडायचे हे मुद्दाम मोकळे सोडले. पुढे याच मोकळ्या जागेत प्रत्येक कंपनीने आपापला वाडा बांधला.

भिंतीशी खरा झगडा याच काळात झाला. बंद खोलीत रेडिओलहर भिंत, छत आणि लोखंडी कपाट यांवर आपटून परत येते. मूळ संदेशामागून त्याचे प्रतिध्वनी पोचतात आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. वेग वाढवावा तितका गोंधळ वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधनसंस्थेत जॉन ओ’सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला. ओ’सुलिव्हन मूळचे रेडिओखगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या लघु कृष्णविवरांचे संकेत शोधण्याच्या खटाटोपात त्यांना विस्कटलेले संकेत सावरण्याच्या गणिताचा हात बसला होता. एक वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी अनेक संथ प्रवाह शेजारी-शेजारी पाठवायचे, म्हणजे प्रतिध्वनी विरून जायला वेळ मिळतो, अशी ही युक्ती. संस्थेला 1996 मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. त्यावरून पुढे वर्षानुवर्षे कज्जे चालले, कारण अनेक प्रवाहांची ही पद्धत 1999 च्या 802.11ए आणि 2003 च्या 802.11जी या मानकांचा पाया होती. 2009 च्या 802.11एनने तर प्रतिध्वनीलाच कामाला लावले. अनेक अँटेनांवरून वेगवेगळी माहिती एकदम पाठवायची आणि वेगवेगळ्या वाटांनी आलेले तिचे पडसाद गणिताने सोडवायचे, ही ती मायमो पद्धत. उघड्या मैदानापेक्षा चार भिंतींत ती चांगली चालते.

सामान्य ग्राहकाला मात्र या गणिताची गरज नव्हती. त्याला स्वस्त डबा हवा होता. 1999 मध्ये सेकंदाला 11 मेगाबिटचे 802.11बी मानक आले, वाय-फाय हे नाव ठरले आणि ॲपलने जुलैमध्ये एअरपोर्ट हा उडत्या तबकडीसारखा बेस स्टेशन 299 डॉलर किमतीला जाहीर केला. तो टेबलावर ठेवायचा होता. कचेऱ्यांत असे डबे कपाटावर ठेवले गेले, आणि मग लक्षात आले की उंचावरून लहर चांगली पसरते. पण उंचावर जायचे तर एका बिनतारी डब्याला दोन तारा लागत होत्या, एक माहितीची आणि एक विजेची. फॉल्स सीलिंगमध्ये विजेचा पॉइंट कोण काढून ठेवतो? 2003 मध्ये 802.3एएफ मानकाने ही अडचण सोडवली. इथरनेटच्या केबलमधूनच वीज जाऊ लागली, तारा एकत्र जोडणाऱ्या स्विचकडून 15.4 वॅट निघत आणि वाटेतली घट वजा जाता यंत्राला 12.95 वॅटची हमी मिळे. बिनतारी नेटवर्काच्या प्रसारात तारेच्या या सुधारणेचा वाटा जितका मोठा, तितकी तिची चर्चा होत नाही. ॲक्सेस पॉइंट छताला चिकटला तो तिच्यामुळे.

संख्या वाढली तशी देखभालीची पंचाईत झाली. सुरुवातीचा प्रत्येक ॲक्सेस पॉइंट स्वयंपूर्ण असे. पासवर्ड बदलायचा तर प्रत्येकाकडे स्वतंत्र जावे लागे. 2002 च्या सुमारास बुद्धी एका मध्यवर्ती कंट्रोलरमध्ये ठेवून छतावरच्या पेट्यांना हलके करण्याची कल्पना पुढे आली. एअरस्पेस या तरुण कंपनीने ती इतकी यशस्वी केली की 2005 मध्ये सिस्कोने सुमारे 45 कोटी डॉलरना तिचा ताबा घेतला. पुढे कंट्रोलरही क्लाउडमध्ये गेले. हे झाले नसते तर प्रत्येक खोलीत एक पेटी ही गोष्ट परवडलीच नसती.

खोलीत पेटी न्यायला भाग पाडले ते हॉटेलांनी. 2000 च्या आसपास चांगल्या हॉटेलांनी टेबलाजवळ इथरनेटचे सॉकेट बसवले होते. पण 2008 चा मॅकबुक एअर इथरनेटच्या पोर्टशिवाय आला आणि 2010 च्या आयपॅडला तर तो असण्याचा प्रश्नच नव्हता. हॉटेलांनी मग ॲक्सेस पॉइंट लावले ते कॉरिडॉरच्या छताला; पाहुण्याला त्रास न देता तिथे काम उरकता येते. रेडिओच्या दृष्टीने मात्र याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. हॉटेलच्या खोलीत बाथरूम बहुधा कॉरिडॉरच्या बाजूला असते. म्हणजे लहरीला जाड दरवाजा, फरशा, पाण्याचे नळ आणि मोठा आरसा ओलांडून पलंगापर्यंत जायचे. उलट लांब मोकळ्या कॉरिडॉरमध्ये सगळे ॲक्सेस पॉइंट एकमेकांना स्वच्छ ऐकू येत. कानोसा घेऊन बोलण्याचा त्यांचा शिष्टाचार असल्याने ते एकमेकांसाठी थांबून राहत. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेले तीनच, आणि 5 गिगाहर्ट्झची लहर काँक्रीटमधून आणखी कमी पार होते. पाहुण्याच्या फोनवर सगळ्या कांड्या दिसाव्यात आणि पान उघडू नये, ही तक्रार याच मांडणीतून आली.

उत्तर टेबलामागच्या विसरल्या गेलेल्या सॉकेटमध्ये होते. तिथपर्यंत केबल आधीच पोचलेली होती. त्या सॉकेटची प्लेट काढून तिच्या जागी ॲक्सेस पॉइंट बसवला की नवी तार ओढावी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही, आणि ज्या भिंतींनी लहर अडवली त्याच आता शेजारच्या खोलीचा गोंगाट अडवतात. 2010 च्या दशकात सिस्को, रकस आणि अरुबा या कंपन्यांनी अशी यंत्रे बाजारात आणली. सॉकेट गिळले म्हणून पोर्ट परत देणे भाग होते. त्यामुळे ही पेटी छोटा स्विचही झाली. एका पोर्टवर टीव्ही, एकावर फोन, एकावर पाहुण्याचा लॅपटॉप, आणि व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच तारेवर आखलेल्या आभासी नेटवर्कांच्या, साहाय्याने तिघांची वाहतूक एकाच केबलमधून वेगवेगळी. काही नमुन्यांत मागून आलेली दुसरी जोडणी हात न लावता पुढे काढून देणारा पोर्टही असतो, जुन्या टेलिफोनसाठी. 2009 च्या 802.3एटी मानकाने यंत्राला 25.5 वॅट मिळू लागले आणि मग स्वतः चालून उरलेल्या विजेवर टेबलावरचा आयपी फोन चालवणेही काही यंत्रांना जमू लागले.

खोलीपुरती पेटी असल्याने तिचे सामर्थ्य बेताचे ठेवले गेले. दोन पट्ट्यांवर प्रत्येकी दोन प्रवाह एवढे तिला बहुधा पुरते. वाय-फाय 5 या पिढीच्या अशा यंत्रावर 867 आणि 300 मेगाबिट, तर वाय-फाय 6 च्या यंत्रावर 1201 आणि 574 मेगाबिट असे आकडे लिहिलेले असतात. ते लहरींच्या कच्च्या वेगाचे असतात. प्रत्यक्ष माहिती त्याहून बरीच कमी वाहते, ही गोष्ट खोक्यावर ठळक छापायची पद्धत नाही. प्रक्षेपणही मुद्दाम कमी ठेवतात. अँटेनांचा रोख भिंतीकडून खोलीकडे असतो. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून दिवा बंद करता येतो, आणि पाहुण्याने पेटी उचकटू नये म्हणून खालच्या कडेला वेगळ्या खाचेचा स्क्रू असतो. नंतरच्या नमुन्यांत दाराची कुलुपे आणि एसी यांच्याशी बोलण्यासाठी ब्लूटूथ किंवा झिगबीचा रेडिओही आला.

कुलूप लहरींनाही लागतेच. पहिल्या मानकातली डब्ल्यूईपी पद्धत 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी फोल ठरवली. तात्पुरती डागडुजी म्हणून 2003 मध्ये डब्ल्यूपीए, 2004 मध्ये भक्कम डब्ल्यूपीए2 आणि 2018 मध्ये डब्ल्यूपीए3 आली.

हवेतली भाषा जगभर एक झाली, भिंतीतले भोक मात्र झाले नाही. ब्रिटन आणि चीनमध्ये प्लेट चौरस, सुमारे 86 मिलिमीटरची. जर्मनीत गोल खड्डा 60 मिलिमीटरचा. अमेरिकेत उभट पेटी. भारतात मॉड्युलनुसार मोजली जाणारी प्लेट. त्यामुळे एकच ॲक्सेस पॉइंट देशादेशांत वेगवेगळ्या कंसांवर बसतो, आणि जिथे काहीच जुळत नाही तिथे केसिंगमधून केबल आणून तो भिंतीवर वरून ठोकला जातो.

भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आणि इमारतीच्या आत वापरासाठी 5 गिगाहर्ट्झचे काही भाग जानेवारी 2005 च्या नियमांनी परवानामुक्त झाले. 5 गिगाहर्ट्झमध्ये बाहेरच्या वापरासाठी मोठी मोकळीक 2018 मध्ये मिळाली. पुढचा पट्टा 6 गिगाहर्ट्झचा. एफसीसीने एप्रिल 2020 मध्ये त्यातले 1200 मेगाहर्ट्झ खुले केले, पण तिथे आधीपासून मायक्रोवेव्हचे दुवे चालू होते. म्हणून कमी शक्तीच्या ॲक्सेस पॉइंटवर अटी आल्या: तो इमारतीच्या आतच असावा, त्याची अँटेना अंगभूत असावी, तो बॅटरीवर चालू नये आणि ऊन-पावसात टिकेल असा बनवलेला नसावा. भारताच्या मे 2025 च्या मसुद्यातही या पट्ट्याच्या खालच्या 500 मेगाहर्ट्झसाठी कमी शक्तीचा वापर इमारतीच्या आतच मर्यादित ठेवला होता. लहर बाहेर जाऊ न देण्याचे काम या नियमांनी भिंतीवरच सोपवले आहे.