कचेरीचे तास आणि हैदराबादची संध्याकाळ

मुंबईकराच्या दिनचर्येचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ गिरणीच्या भोंग्यापासून करावा लागेल. हैदराबादेतील मराठी मुत्सद्दी-कारकुनांच्या दिनचर्येचा इतिहास मात्र दप्तरदाराच्या देवडीपासून सुरू होतो. आसफजाही राज्याचा हिशेब ज्या दोन मोठ्या दप्तरांत विभागलेला होता, त्यांपैकी दप्तर-ए-दिवाणी रायरायान या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या मराठी ब्राह्मण घराण्याकडे, आणि दप्तर-ए-माल मालवाले म्हणून प्रसिद्ध असलेल्या कायस्थ घराण्याकडे वंशपरंपरेने चालत असे. ही दप्तरे सरकारी इमारतीत नव्हती. ती दप्तरदाराच्या राहत्या वाड्यातच असत. एकाच आवारात देवघर, मुदपाकखाना आणि परगण्यांच्या जमाबंदीचे रुमाल नांदत असता काम कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते हे सांगणे कठीण होते. आजचे घरबसल्या नोकरी करणारे लोक ज्या अवस्थेचा कधी गौरव करतात आणि कधी तिला कंटाळतात, ती हैदराबादेत अशी जुनीच आहे.

या अवस्थेस छेद दिला तो मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग यांनी. १८५३ पासून १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तीस वर्षे, ते दिवाण होते. आणि वंशपरंपरागत हक्काच्या जागी पगारी अंमलदार, देवडीच्या जागी सरकारी कचेरी आणि मर्जीच्या जागी कायदा आणण्याचा उद्योग त्यांनी अतिशय सावकाशपणे, कोणास फारसे न दुखवता चालविला. १८६५ ची जिलाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, हे त्या उद्योगाचे सर्वांस ठाऊक असलेले फळ. पगार आला की हजेरी आली, आणि हजेरी आली की तास आले. तासांची ही शिस्त जाचक झाली असेल यात शंका नाही. परंतु कचेरी सुरू होण्याची वेळ ज्याने ठरविली, त्यास ती सुटण्याचीही वेळ ठरवावी लागते, आणि देवडीतल्या कारकुनास कधी न लाभलेली वस्तू, म्हणजे स्वतःच्या मालकीची संध्याकाळ, याच सुधारणेतून नकळत निर्माण झाली, असे माझे मत आहे.

तासांच्या मागोमाग घड्याळे आली. १५९१ च्या चारमिनारास चारी बाजूंनी घड्याळे बसली ती १८८९ मध्ये. त्याच्या निकट महबूब चौकातील मनोरा दिवाण आसमानजाह यांनी १८९२ मध्ये उभारला. छावणीच्या सिकंदराबादेत १८९७ मध्ये, आणि मोअज्जमजाही बाजारात १९३५ मध्ये अशीच घड्याळे लागली. गिरण्या हैदराबादेतही होत्या. पण शहराने आपली मोठी घड्याळे लावली ती बहुधा चौकात आणि बाजारात, जेथे मनुष्य अत्तर, बांगड्या, फळे आणि गप्पा यांसाठी जातो. मुंबईत मात्र प्रमाणवेळेवरून १९०६ साली गिरणीकामगार खवळले आणि नगरपालिकेने तर १९५५ पर्यंत आपली स्थानिक वेळ सोडली नाही. वेळ तेथे तंट्याचा विषय होता.

हैदराबादेत वर्षाची गणना आणखी निराळी. सरकारी कामकाज चाले फसली सनाने; इसवी सनातून सुमारे ५९० वजा केले की तो आकडा मिळे, आणि ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्याने त्याचे नवे वर्ष लागे. म्हणजे मराठी कारकून कचेरीत आजूर, दै, बहमन लिही, घरी पंचांगातील आश्विन-कार्तिक पाळी, मोहल्ल्यात हिजरी चंद्राप्रमाणे येणाऱ्या मोहरम-रमजानची वर्दळ अनुभवी, आणि रेसिडेन्सीशी पत्रव्यवहार पडलाच तर इंग्रजी तारीख घाली. या चौपदरी कालगणनेने मनुष्य गोंधळला असेल असे वाटते खरे. पण एका पंचांगात कामाचा दिवस असता दुसऱ्यात सणाचा निघे, आणि रोजचे काम कंटाळवाणे होण्यास पुरेसे एकसुरी राहत नसे. अर्थात ही गोडी शहरातल्या पगारदाराची. फसली म्हणजे पिकाचे वर्ष. मराठवाड्यातील रयतेस त्या सनाची ओळख सरकारी देण्याच्या तगाद्यातून होई, आणि तिच्यापुढे या रम्य वैविध्याचे वर्णन करण्याचे धाडस मी करणार नाही.

मोकळ्या झालेल्या संध्याकाळचे मराठी मंडळींनी काय केले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९०७ मध्ये विवेकवर्धिनी ही शाळा निघाली, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या वकिली व सार्वजनिक कामांत गुंतलेल्या गृहस्थांच्या पुढाकाराने. १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. दरबारची आणि पुढे विद्यापीठाचीही भाषा उर्दू असलेल्या शहरात या संस्था दिवसाच्या कामावर जगणे शक्य नव्हते. त्या जगल्या कचेरी आणि कोर्ट सुटल्यानंतरच्या दोन-तीन तासांवर. पोटासाठी दिवसभर परक्या भाषेत अर्ज-तजविजी लिहिणाऱ्यास संध्याकाळी मराठी मासिक चाळणे हा विसावाच वाटे, आणि त्या विसाव्यातूनच पुढच्या पिढीची राजकीय जागृती पोसली गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी, फसली १३५७ संपत आला असता, निजामाने शस्त्र खाली ठेवले. त्यानंतर तो सनही कामकाजातून लवकरच गेला.

ज्यास कचेरीचे तासच उरले नाहीत असा एक हैदराबादकर मात्र निराळ्या वाटेने गेला. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, ऐन पंचविशीत, १९१४ मध्ये दिवाणगिरीतून मोकळे झाले, आणि १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे आयुष्य त्यांनी वस्तू जमविण्यात वेचले. त्यांच्या संग्रहात घड्याळेही पुष्कळ. त्यांपैकी कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे घड्याळ असे की एक चिमुकला लोहार सेकंदासेकंदास घण मारतो, आणि तास भरण्यापूर्वी दाढीवाला एक पुतळा दारातून बाहेर येऊन घंटेवर ठोके देऊन परत जातो. १९५१ मध्ये खुल्या झालेल्या त्या संग्रहालयात आजही लोक त्याच्यापुढे बसून राहतात, कोणास कोठे जाण्याची घाई आहे असे दिसत नाही. आणि ठोके बाराच्या वेळी सर्वांत अधिक पडत असल्याने गर्दीही तेव्हाच सर्वांत अधिक होते.