७१ पाने, एक शब्द

मतपत्रिका हा वाङ्मयप्रकार नव्हे. तिच्यामागे लेखकाचे नाव नसते आणि वाचकाकडून ती एका खुणेपलीकडे काही मागत नाही. तरीही ६ एप्रिल २००४ रोजी कॅलिफोर्नियातील इंगलवुड शहराच्या मतदारांपुढे ठेवलेला एक मजकूर साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. 'मेझर ०४-ए' हे त्याचे नाव. लांबी ७१ पाने. नकाशे, मोजमापे आणि कायद्याच्या तरतुदी यांनी भरलेली. या सगळ्याला वाचकाने द्यायचे उत्तर मात्र एका शब्दाचे होते: हो किंवा नाही.

लॉस एंजेलिसच्या विमानतळाला लागून पूर्वेस वसलेले इंगलवुड हे तेव्हा सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचे, बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रहिवाशांचे शहर होते. तेथील हॉलीवूड पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानालगत ६० एकर मोकळी जागा होती. तिच्यावर वॉल-मार्टला आपले 'सुपरसेंटर' आणि त्याभोवती दुकानांचा एक समूह उभारायचा होता. अशा दुकानांना अमेरिकेत 'बिग बॉक्स' म्हणतात. बिनखिडक्यांचे एकमजली अवाढव्य खोके आणि पुढे गाड्यांसाठी पसरलेले डांबरी पटांगण, हे त्यांचे रूप या नावात नेमके उतरले आहे.

सुपरसेंटरचे वैशिष्ट्य असे, की तेथे कपडे, खेळणी आणि भांडी यांच्या जोडीने किराणाही मिळतो. खरा वाद या किराण्यापाशी होता. दक्षिण कॅलिफोर्नियातील मोठ्या किराणा दुकानांत संघटित कामगार होते. त्यांना बरे वेतन आणि आरोग्यविमा मिळत असे. सुपरसेंटरे येणार, त्यांच्याशी स्पर्धा करायची तर खर्च कमी केला पाहिजे, असे सांगत या दुकानांच्या मालकांनी विम्यात कपात सुचवली. त्यातून ऑक्टोबर २००३ मध्ये संप पेटला. सुमारे ७०,००० कामगार त्यात ओढले गेले, आणि तो फेब्रुवारी २००४ च्या अखेरीस मिटला. इंगलवुडचे मतदान त्यानंतर पाचच आठवड्यांनी झाले. न उभारलेल्या दुकानाची सावली केवढी लांब पडते, हे मतदारांनी नुकतेच पाहिले होते.

नगरपरिषदेने २००२ मध्येच एक निर्बंध घालून पाहिला होता. १,५५,००० चौरस फुटांहून मोठ्या आणि करमुक्त वस्तू मोठ्या प्रमाणावर विकणाऱ्या दुकानांना त्याने मज्जाव केला. कॅलिफोर्नियात बहुतेक खाद्यपदार्थांवर विक्रीकर नसतो; तेव्हा 'करमुक्त वस्तू' या कोरड्या शब्दांआड किराणाच दडलेला होता. कंपनीने विरोध आरंभताच परिषदेने हा निर्बंध मागे घेतला. पुढे कंपनीच्या पाठबळाने, वॉल-मार्टचे स्वागत करण्यासाठी म्हणून एक नागरिक समिती निघाली. तिने स्वाक्षऱ्या गोळा करून मेझर ०४-ए मतदानाला आणले.

या मजकुराची मागणी दुकानापुरती नव्हती. तो संमत झाला असता तर शहराचे नियोजन, भूवापराचे नियम, पर्यावरणीय परीक्षण आणि जनसुनावणी या साऱ्या पायऱ्या एका झटक्यात ओलांडल्या गेल्या असत्या. आपल्याकडे ज्याला 'हरकती व सूचना' म्हणतात, त्या टप्प्याला जागाच उरली नसती. वाहतूक किती वाढेल, पाण्याचा निचरा कुठे होईल, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार मतदारांनी स्वतःच्या हाताने सोडून द्यावा, अशी ही मागणी होती.

याला विरोध करण्यासाठी 'कोअलिशन फॉर अ बेटर इंगलवुड' ही आघाडी उभी राहिली. तीत चर्चचे धर्मगुरू, कामगार संघटना, छोटे दुकानदार आणि सामान्य रहिवासी एकत्र आले. काँग्रेस-सदस्य मॅक्सीन वॉटर्स आणि रेव्हरंड जेसी जॅक्सन यांनी त्यांची बाजू घेतली. महापौर रूझवेल्ट डॉर्न मात्र प्रकल्पाच्या बाजूने होते, आणि त्यांचा युक्तिवाद तुच्छ लेखण्याजोगा नव्हता. रोजगाराची चणचण असलेल्या गावाला नोकऱ्या, स्वस्त माल आणि कराचे उत्पन्न हवेच असते. त्याच वर्षी २ मार्चला, त्याच राज्यातील काँट्रा कोस्टा परगण्यात, अशा दुकानांवर परगण्याने घातलेली बंदी मतदारांनी स्वतःच उलथवून टाकली होती. रहिवासी जात्याच निर्बंधांच्या बाजूचे असतात, असे मानणे म्हणजे भाबडेपणा.

कंपनीने प्रचारावर दहा लाख डॉलरहून अधिक खर्च केला. तरीही ६० टक्क्यांहून जास्त मतदारांनी 'नाही' म्हटले. विरोधकांनी दुकानाइतकाच त्या ७१ पानांचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. ज्याला वॉल-मार्ट हवे होते, त्यालाही आपल्याला विचारल्याशिवाय ते यावे हे रुचणारे नव्हते. पुढे २००६ मध्ये नगरपरिषदेने नियम केला, की असे महादुकान उभारण्यापूर्वी त्याच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास सादर केला पाहिजे. बंदीऐवजी प्रश्न विचारण्याची सक्ती, असे या नियमाचे स्वरूप होते.

येथे थांबलो तर ही एक सुखान्त कथा होईल. पण इतिहास मतमोजणीच्या रात्री संपत नाही.

स्वाक्षऱ्यांच्या बळावर मतदारांनी स्वतः कायदा मांडण्याची ही सोय कॅलिफोर्नियात १९११ साली आली. हायरम जॉन्सन या गव्हर्नरने ती आणली ती सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची राज्यावरील पकड सोडवण्यासाठी. फ्रँक नॉरिसच्या १९०१ मधील 'द ऑक्टोपस' या कादंबरीत गव्हाच्या शेतकऱ्यांभोवती आवळत जाणारी रेल्वे ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्या पकडीची कल्पना असेल. कंपनीविरुद्ध नागरिकांच्या हाती दिलेले हे शस्त्र शतकभरात कंपन्यांच्याही हाती गेले.

सोनोरा या लहानशा गावी वॉल-मार्टला आपले दुकान वाढवून सुपरसेंटर करायचे होते. तेथे २० टक्क्यांहून अधिक मतदारांच्या स्वाक्षऱ्यांचा प्रस्ताव पुढे आला आणि नगरपरिषदेने तो मतदान न घेताच स्वीकारला. ऑगस्ट २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की परिषदेने असा प्रस्ताव थेट स्वीकारण्यापूर्वी पर्यावरणीय परीक्षण पूर्ण करण्याची गरज नाही. इंगलवुडमध्ये निदान 'नाही' म्हणण्यापुरता तरी मतदाराला वाव होता. या वाटेने तोही अनावश्यक ठरला.

त्याच २०१४ च्या जानेवारीत इंगलवुडमधील ती ६० एकर जागा वॉल्टन घराण्याचे जावई स्टॅन क्रोंके यांनी विकत घेतल्याचे जाहीर झाले होते. न्यायालयाच्या निर्णयानंतर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, इंगलवुडच्या नगरपरिषदेने स्वाक्षऱ्यांच्या आधारे फुटबॉलच्या भव्य मैदानाचा प्रस्ताव मतदान न घेता एकमताने मंजूर केला. २०२० मध्ये तेथे सोफाय स्टेडियम सुरू झाले. क्रीडांगण म्हणजे महादुकान नव्हे, आणि अनेक रहिवाशांना ते हवेही होते. तरीपण ज्या भूमीवर मतदारांनी आपला विचारण्याचा हक्क राखला, त्याच भूमीवर अकरा वर्षांनी तो हक्क न वापरताच निर्णय झाला, याची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे.

२००४ च्या विजयाने एक मजकूर नाकारला. तो मजकूर लिहिण्याची रीत मात्र शाबूत राहिली. महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली ती सूचना आपल्यापैकी किती जण वाचतात? वाचन शिकवण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी हा प्रश्न आधी स्वतःला विचारायला हरकत नाही.