पती किंवा पत्नी दिव्यांग असेल, तर इन्कम टॅक्स रिफंड कसा मिळतो?

समजा, एका घरात नवरा-बायको दोघंच आहेत. अपघातानंतर पती दिव्यांग झाला आणि नुकसानभरपाईचे १० लाख रुपये त्याच्या नावावर बँकेत एफडीमध्ये आहेत. पत्नी एका संस्थेत कंत्राटी पद्धतीने काम करते. तिचं मानधन महिन्याला २२ हजार रुपये.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमांनुसार दोघांनाही कर लागत नाही. तरीही एफडीचं वर्षाचं व्याज ७० हजार असेल, तर बँक १० टक्के दराने ७ हजार रुपये टीडीएस कापते. पत्नीच्या मानधनातून १० टक्के दराने २६,४०० रुपये जातात. एकूण ३३,४०० रुपये. म्हणजे तिच्या दीड महिन्याच्या कमाईएवढी रक्कम.

हे पैसे परत मिळू शकतात. पण ते आपोआप खात्यात येत नाहीत.

रिफंड म्हणजे सरकारी मदत का?

नाही. लागू करापेक्षा जास्त कापला गेलेला करच परत मिळतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, पण टीडीएस कापलेला नाही आणि करही भरलेला नाही, तर रिफंड शून्य.

दोघांचा मिळून एक रिटर्न भरता येतो का?

भारतात तशी सोय नाही. ज्याच्या पॅनवर टीडीएस जमा झाला, त्यानेच रिटर्न भरायचा. वरच्या उदाहरणात दोघांना वेगवेगळे रिटर्न भरावे लागतील. मानसिक अक्षमतेमुळे जोडीदाराला स्वतः व्यवहार करता येत नसतील, तर कायदेशीर पालकाला आयकर पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करता येते.

दिव्यांगांसाठीची वजावट कुणाला मिळते?

जोडीदार दिव्यांग आणि अवलंबून असेल, तर कमावणाऱ्याला कलम ८०डीडी लागू होतं. दिव्यांग व्यक्ती स्वतः कमावत असेल, तर तिच्यासाठी ८०यू आहे. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही वजावटी घेता येत नाहीत.

दिव्यांगत्व किमान ४० टक्के असेल तर ७५ हजार आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार रुपये उत्पन्नातून वजा होतात. प्रत्यक्ष खर्च किती झाला, याच्याशी या रकमेचा संबंध नाही.

मात्र या वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत आहेत. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो (शेअर विक्रीच्या नफ्यासारखी काही उत्पन्नं वगळून). त्यामुळे कमी उत्पन्नाच्या बहुतेक जोडप्यांना रिफंडसाठी या वजावटीची गरजच पडत नाही.

रिफंडसाठी काय करावं लागतं?

- पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस उघडून किती टीडीएस जमा आहे ते पाहणं.
- पॅन आधारशी जोडलेलं आहे याची खात्री करणं.
- स्वतःच्या नावाचं बँक खातं पोर्टलवर प्रमाणित करून घेणं.
- योग्य फॉर्म निवडणं. फक्त पगार किंवा व्याज असेल तर साधारणपणे आयटीआर-१. व्यावसायिक फी म्हणून मिळणाऱ्या मानधनासाठी बहुतेक वेळा आयटीआर-४.
- रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करणं. हे राहिलं तर रिटर्न भरलाच नाही असं धरलं जातं.

वर्षभरात टीडीएस २५ हजार किंवा जास्त असेल, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे.

मुदत चुकली तर?

३१ डिसेंबरपर्यंत उशिराचा रिटर्न भरता येतो. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क जास्तीत जास्त १ हजार रुपये. त्यानंतर विलंब माफीसाठी आयकर विभागाकडे अर्ज करावा लागतो. अपडेटेड रिटर्न, म्हणजेच आयटीआर-यू भरून रिफंड मागता येत नाही.

टीडीएस कापलाच जाऊ नये म्हणून?

वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला स्वयंघोषणापत्र देता येतं. २०२५-२६ मध्ये ६० वर्षांखालच्यांसाठी तो फॉर्म १५जी होता. बँकेत पॅन दिलेलं नसेल, तर टीडीएस १० ऐवजी २० टक्के कापला जातो. उदाहरणातल्या पतीचे मग ७ नाही, १४ हजार रुपये जातील.

रिफंड मिळवून देतो म्हणून ओटीपी मागणाऱ्या फोनपासून आणि मेसेजमधल्या लिंकपासून लांब राहावं. रिफंड कुठवर आला, ते पोर्टलवर लॉगिन करून मोफत पाहता येतं.