इंग्रजी व्याकरणांतील विशेषणाची कथा

‘गुड बॉय’ या दोन शब्दांपैकीं ‘बॉय’ हें नाम व ‘गुड’ हें विशेषण, असें आज शाळेंतील लहान मूलहि बिनचूक सांगतें. सोळाव्या शतकांतील एखाद्या इंग्रज पंतोजीस हाच प्रश्न विचारला असता, तर त्यानें दोन्हीं नामेंच आहेत असें उत्तर दिलें असतें. एक आपल्या पायांवर उभें राहणारें, तर दुसरें त्याच्या आधारानें उभें राहणारें. त्या काळीं तें उत्तर चूक नव्हतें. नामाच्या घरांतून विशेषण विभक्त होण्यास इंग्रजींत जवळजवळ दोन शतकें लागलीं.

याचें मूळ ग्रीक व्याकरणांत आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील डायोनिसिअस थ्रॅक्स याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. त्यांत विशेषण स्वतंत्र नाहीं. तो नामाचाच पोटभेद आहे. पुढें डोनाटस व प्रिसिअन या लॅटिन वैयाकरणांनीं आठ ही संख्या कायम ठेविली. लॅटिनमध्यें उपपद नाहीं, म्हणून त्याच्या जागीं केवलप्रयोगी अव्यय आलें. विशेषण मात्र होतें तेथेंच राहिलें. यास सबळ कारण होतें. लॅटिनमध्यें विशेषण नामाप्रमाणेंच लिंग, वचन व विभक्ति यांचे प्रत्यय घेतें. संस्कृतांतहि ‘सुन्दरः बालकः’, ‘सुन्दरेण बालकेन’ असेंच चालतें, आणि पाणिनीच्या व्याकरणांत हे दोन्हीं शब्द सुबन्तच होत. शब्दाचें रूपच त्याची जात सांगे.

इंग्लंडांत विल्यम लिली याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या लॅटिन व्याकरणास आठव्या हेन्रीनें शाळांसाठीं राजमान्यता दिली. इंग्रजी भाषेचें पहिलें छापील व्याकरण विल्यम बुलोकर यानें 1586 सालीं प्रसिद्ध केलें, तेंहि याच सांच्यांत ओतलेलें. वास्तविक प्राचीन इंग्रजींतील विशेषणाचे विभक्तिप्रत्यय तोंपर्यंत झडून गेले होते. ‘गुड बॉय’ काय आणि ‘गुड गर्ल्स’ काय, ‘गुड’ तसेंच राहतें. नामाशीं असलेलें रूपसाम्य संपलें, तरी पुस्तकांतील एकत्र कुटुंब चालूच राहिलें. ऑक्सफर्ड येथील भूमितीचा प्राध्यापक जॉन वॉलिस यानें 1653 सालीं इंग्रजीवर लॅटिनचे नियम लादण्याविरुद्ध तक्रार केली. पण गंमत अशी कीं, त्याचा तो ग्रंथहि लॅटिनमध्येंच होता!

अठराव्या शतकांत वाटणी झाली. जॉन ब्राइटलंड यानें 1711 सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याकरणांत नांवें, गुण, विधानें व अव्ययें असे चार वर्ग केले असून ‘गुण’ म्हणजेच विशेषणें. पुढें 1761 सालीं जोसेफ प्रीस्टली यानें, आणि 1762 सालीं रॉबर्ट लौथ यानें विशेषणास स्वतंत्र स्थान दिलें. हा प्रीस्टली म्हणजे पुढें प्राणवायूच्या शोधामुळें गाजलेला रसायनवेत्ता, व लौथ हा कालांतरानें लंडनचा बिशप झाला. लिंडले मरे याच्या 1795 सालच्या व्याकरणानें ही व्यवस्था इंग्लंड-अमेरिकेच्या घरोघरीं पोहोंचविली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं 1836 सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेंहि इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर.

घर वेगळें झालें, पण ओळखण्याची अडचण सुटली नाहीं. ‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द तें विशेषण’ ही व्याख्या लावली, तर ‘स्कूल बेल’ यांतील ‘स्कूल’ विशेषण ठरेल. चार्ल्स फ्रीझ या अमेरिकन पंडितानें सुमारें पन्नास तासांचीं दूरध्वनीवरील संभाषणें तपासून 1952 सालीं असें दाखविलें कीं, वाक्यांत शब्द कोणत्या जागीं बसतो हें पाहून त्याचा वर्ग ठरवितां येतो. आजच्या कसोट्याहि याच स्वरूपाच्या आहेत. शब्दामागें ‘व्हेरी’ लागतें काय? ‘सीम्स’ या क्रियापदानंतर तो बसतो काय? ‘गुड’ दोन्हीं कसोट्यांस उतरतें. ‘स्कूल’ एकीसहि उतरत नाहीं, म्हणून तें नामच. अर्थात् प्रत्येक विशेषण सर्व कसोट्यांस उतरतेंच असें नाहीं: ‘द चाइल्ड इज अस्लीप’ म्हणतात, पण ‘अ‍ॅन अस्लीप चाइल्ड’ कोणी म्हणत नाहीं. ‘माय’, ‘धिस’, ‘एव्हरी’ हे शब्द जुनीं पुस्तकें विशेषणांत घालीत. आधुनिक व्याकरणकार त्यांस ‘डिटर्मिनर’ या निराळ्या वर्गांत ठेवितात.

‘फास्ट’ हा शब्द पाहावा. ‘फास्ट ट्रेन’ मध्यें तें विशेषण, ‘रन फास्ट’ मध्यें क्रियाविशेषण, ‘टु फास्ट’ म्हणजे उपवास करणें येथें क्रियापद, आणि ‘अ लाँग फास्ट’ मध्यें नाम. चार ठिकाणीं चार जाती, रूप मात्र एकच! असा शब्द एकटाच फळ्यावर लिहून त्याची जात विचारावी, विद्यार्थ्यानें एक उत्तर द्यावें, आणि शिक्षकाच्या मनांत दुसरें असल्यामुळें त्याचे गुण कापले जावेत, हा त्याच्यावर अन्याय आहे. प्रत्ययांनीं आपली ओळख सांगणाऱ्या लॅटिन भाषेस शोभणारा तो प्रश्न, प्रत्यय गमावून बसलेल्या इंग्रजीस विचारण्यांत अर्थ नाहीं. इंग्रजी शब्दाची जात विचारावयाची, तर विद्यार्थ्यापुढें आधीं सबंध वाक्य ठेविलें पाहिजे.