विद्राव्यता गुणाकाराची कुळकथा

पाण्यात क्लोराइड किती आहे, हे मोजण्याची एक रीत जर्मन रसायनज्ञ फ्रीड्रिख मोर यांनी १८५६ साली दिली. पाण्यात थोडे पिवळे पोटॅशियम क्रोमेट घालायचे आणि ब्यूरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचे. आधी सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. क्लोराइड संपत आले की सिल्व्हर क्रोमेटची विटकरी छटा उमटते, तिथे थांबायचे. रीत चोख होती. पांढरा आधी आणि विटकरी नंतर का, याचे गणित मात्र अजून कोणी मांडले नव्हते.

१८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी सांगितले, की अभिक्रियेचा समतोल पदार्थांच्या संहतींवर ठरतो. १८८७ मध्ये स्वीडनच्या आरेनियस यांनी ठामपणे मांडले, की क्षार पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित आयन सुटे होतात. १८८९ मध्ये पंचविशीतल्या वाल्थर नर्न्स्ट यांनी हे दोन्ही विचार जोडले: अल्पविद्राव्य क्षाराच्या संपृक्त द्रावणात आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरावीक तापमानाला स्थिर राहतो. हाच विद्राव्यता गुणाकार. सूत्रात एखादा आयन दोनदा असेल, तर त्याच्या संहतीचा वर्ग घ्यायचा. ऑस्टवाल्ड यांनी १८९४ च्या आपल्या ग्रंथात रासायनिक विश्लेषणाला याच विचारांचा पाया दिला.

आता मोर यांच्या दोन साक्यांकडे पाहू. २५ अंश सेल्सिअसला सिल्व्हर क्लोराइडचा गुणाकार १.८ गुणिले १० चा उणे १० वा घात. सिल्व्हर क्रोमेटचा १.१ गुणिले १० चा उणे १२ वा घात, म्हणजे शंभरपटीहून लहान. म्हणून क्रोमेट कमी विरघळत असेल, असे वाटते. पण विद्राव्यता 'वि' धरली, तर क्लोराइडचा गुणाकार 'वि'चा वर्ग आहे. क्रोमेट मात्र चांदीचे दोन आयन सोडते, म्हणून त्याचा गुणाकार 'वि'च्या घनाची चौपट. उत्तरे येतात ती अशी: क्लोराइड लिटरमागे ०.००००१३ मोल, क्रोमेट ०.००००६५ मोल. क्रोमेटच पाचपट विरघळते, आणि म्हणूनच ते मागे थांबते.

सिल्व्हर क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड यांची सूत्रे एकाच घडणीची. तिथे गुणाकार जितका लहान, तितका क्षार कमी विद्राव्य, हे थेट खरे. घडण बदलली की आकडे शेजारी मांडण्याआधी समीकरण सोडवावेच लागते. नर्न्स्ट यांचा नियम आयनांविषयी बोलतो. क्षार किती विरघळतो, हे त्यातून आपण काढायचे असते.